रंग कशाशी जुळवायचा?

जुन्या गाडीच्या चामडी सीटला पुन्हा रंग द्यायचा ठरलं की लोक आधी विचारतात, रंग कोणता? बेज, काळा की तांबूस? त्याचं उत्तर गाडीचं दार उघडलं की मिळतं. खरी अडचण त्यापुढची असते. तो रंग कशाशी जुळवायचा? गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीच्या रंगाशी, की वीस वर्षं ऊन, घाम आणि डोक्याचं तेल खाऊन आज जो उरला आहे त्याच्याशी? मरहूम मामूंच्या गाडीच्या निमित्ताने गेल्या हिवाळ्यात मी या प्रश्नात ओढला गेलो. काम किरकोळ वाटत होतं. ते तीन आठवडे चाललं, आणि त्यात रंगाइतकीच चर्चा ईमानदारीची झाली.

चामडी सीट म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असं आपल्याकडे समजतात. आपल्या शहरात मात्र ही गोष्ट बरीच खालपर्यंत झिरपली आहे. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि चेक प्रजासत्ताकातून येणारे सुटे भाग जोडून इथे ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. तिच्या वरच्या मॉडेलचं नाव 'लॉरिन अँड क्लेमेंट'. १८९५ साली सायकली बनवून धंदा सुरू करणाऱ्या दोन भागीदारांची ती आडनावं. या मॉडेलला चामड्याच्या सीट असत. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातल्या व्यापारी, उद्योजक, डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा देशभर गाजला होता. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

गाडीचं आयुष्य मालकाच्या हौसेपेक्षा मोठं असतं. पहिला मालक पाच-सात वर्षांत नवी गाडी घेतो. जुनी मॅनेजरकडे जाते, तिथून प्लॉटिंगवाल्याकडे, तिथून एखाद्या मेकॅनिकच्या भावाकडे. तिसऱ्या हातात पोचेपर्यंत गाडी दोन-तीन लाखांची राहते आणि सीटचं चामडं तडकलेलं असतं. नव्या चामड्यात शिवून घेणं त्या किमतीला परवडत नाही. बहुतेक जण वरून रेक्झिनचं कव्हर चढवून मोकळे होतात. ज्यांना मूळ चामडं वाचवायचं असतं ते रंग जुळवणारा कारागीर शोधतात. असे कारागीर शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी निघाला.

मामू एका उद्योजकाच्या घरी ड्रायव्हर होते. २००५ ची डिझेल ऑक्टाव्हिया त्यांनी साहेबांसाठी आठ वर्षं चालवली. साहेबांनी नवी गाडी घेतली तेव्हा ही त्यांनी मामूंना अगदी कमी किमतीत दिली. जी गाडी दुसऱ्यासाठी पुसली, तीच मग मामू स्वतःसाठी पुसू लागले. २०२० मध्ये पंधरा वर्षांची नोंदणी संपली तेव्हा त्यांनी ती पाच वर्षांनी वाढवून घेतली. दोन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. मुदत पुन्हा संपत आली तेव्हा मामेभावाने ती विकायची ठरवली. मामूंच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याचं कर्ज झालं होतं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. गरज खरी होती.

रोशन गेटच्या बाजूला एका बोळात विद्यार्थ्याचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याचं शेड. गाडी आत घेतल्यावर त्याने चारही दारं उघडली, हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाला, "सर, इसमें कौन कहाँ बैठता था, मैं बता सकता हूँ."

आणि त्याने सांगितलं. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड, म्हणजे दाराकडचा उंचवटा, पूर्ण खरवडून निघाली होती. गाडीत चढता-उतरताना माणूस त्या कडेवरून घसरतो. दिवसातून वीस वेळा, वीस वर्षं. तिथला रंग जाऊन खालचं करडं चामडं दिसत होतं. मागची डावी सीट बसकी झाली होती आणि तिच्या डोक्यामागच्या भागावर तेलाचा काळपट गोल डाग होता. ती साहेबांची जागा. मागच्या उजव्या बाजूला मेंदीचे दोन तांबडे ठसे होते, कुठल्या तरी लग्नाहून परतताना पडलेले. पुढची डावी सीट मात्र जवळजवळ कोरी. ड्रायव्हर असलेल्या गाडीत मालक मागे बसतो आणि पुढची डावी जागा रिकामी राहते. विद्यार्थी म्हणाला, ही सीट आपली गवाह. हिच्याकडे बघून बाकीच्यांचा रंग ठरेल.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. हा प्रश्न आपल्या घरांमध्ये हमखास निघतो. मुमानी या गाडीत कायम चादर अंथरून बसायच्या. परदेशी गाडीचं चामडं, कुठल्या जनावराचं कोण जाणे, ही त्यांची शंका. मामूंनी मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारलंही होतं. गाड्यांच्या सीटला वापरतात ते चामडं गाईबैलाचं असतं. कमावलेलं कातडं पाक होतं, डुकराचं सोडून, हा हनफी मसला मदरशातल्या मुलालाही माहीत असतो. मेलेल्या बकरीचं कातडं फेकून दिलेलं पाहून रसूलल्लाहने ते कमावून वापरायला सांगितलं, ही हदीस प्रसिद्ध आहे. कातडं कमावण्याच्या कामाला अरबीत आणि उर्दूत 'दबागत' म्हणतात. मुमानींना हे सगळं पटलं होतं, तरी चादर गेली नाही. त्या चादरीने मागच्या उजव्या सीटचं बरंच रक्षण केलं, हेही खरं.

आता रंगाबद्दल. बाजारात याला सरसकट 'डाय' म्हणतात, पण गाडीच्या सीटच्या बाबतीत तो शब्द फसवा आहे. आपल्या गल्लीतल्या रंगरेजाचं काम आठवा. दुपट्टा कमीजशी जुळवायचा असला की घरातल्या बाया कमीजची कतरन सोबत देतात. रंगरेज उकळत्या पाण्यात रंग सोडतो, दुपट्टा बुडवतो, एक कोपरा बाहेर काढून आचेवर सुकवून बघतो. तिथे रंग धाग्याच्या आत शिरतो. हा खरा डाय. गाडीचं चामडं वेगळं असतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या बहुतेक गाड्यांमध्ये कमावलेल्या चामड्यावर रंगाचा थर दिलेला असतो आणि त्यावर पारदर्शक थर. भिंतीला जसं अस्तर, रंग आणि वर वॉर्निश, तसंच. झिजतो, तडकतो तो हा थर. चामडं खाली तसंच असतं. म्हणून इथे लागणारा रंगही थर धरणारा लागतो. बारीक रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारा, सुकल्यावर रबरासारखा लवचिक होणारा पाण्यातला चिकट घटक. कारागीर त्याला बाइंडर म्हणतात. सीटवर माणूस बसतो, चामडं वाकतं, त्याबरोबर थरही वाकला पाहिजे. तिथे कुणी साधा ऑइलपेंट मारला तर महिनाभरात पापुद्रे निघतात.

दुसरी गोष्ट मला नवीन होती. 'लेदर सीट' म्हणून विकलेल्या गाडीत सगळं चामडंच असतं असं नाही. बसायचा आणि टेकायचा भाग चामड्याचा, बाजूचा आणि मागचा भाग रेक्झिनसारख्या कृत्रिम चामड्याचा, ही सर्रास रीत आहे. मर्सिडीजमध्ये तर 'आर्टिको' नावाचं पूर्ण कृत्रिम आवरणही येतं आणि लोक वर्षानुवर्षं ते चामडंच समजून बसतात. कारखान्यात दोन्हींचा रंग एकच दिसेल अशी काळजी घेतलेली असते. पण दोघं वेगवेगळ्या चालीने म्हातारे होतात. वीस वर्षांनंतर एकाच सीटवर शिवणीच्या अलीकडे एक बेज आणि पलीकडे दुसरा.

पहिला आठवडा फक्त सफाईत गेला. मऊ ब्रश, फेसाळ क्लीनर, ओलं फडकं. फडकं काळं होऊन यायचं आणि सीट उजळत जायची. मी ज्याला गाडीचा रंग समजत होतो त्यातला निम्मा मामूंच्या नंतरची धूळ आणि आधीचं तेल होतं. मेण आणि चकाकीच्या पॉलिशचे थर तर किती! ते काढायला त्याने वेगळा स्पिरिटसारखा द्रव वापरला, कारण पॉलिश राहिलं तर नवा रंग धरत नाही. "सर, लोग मैल को रंग समझ के मॅच करते," तो म्हणाला. घाणीशी जुळवलेला रंग पुढच्या धुण्यात उघडा पडतो. साहेबांच्या जागेवरचा तेलाचा डाग फिका झाला. मेंदी मात्र हलली नाही. तिच्यावर रंगाचा थर देण्याखेरीज इलाज नव्हता.

सफाई झाल्यावर त्याने मला तीन जागा दाखवल्या. सीटच्या डोक्याचा आधार उपसून काढला की त्याखाली चामड्याची एक पट्टी दिसते, जिथे कधी ऊन पोचलेलं नाही. ती फिकट हस्तिदंती होती, गाडी नवी असतानाची. दुसरी जागा पुढची डावी सीट. हस्तिदंतीवर चहाच्या पाण्याचा हात फिरवावा तशी. तिसरी ड्रायव्हरची सीट, जिथे रंग उरलाच नव्हता. डिकीत स्टेपनीच्या खाचेत एक कागदी स्टिकर होतं. त्यावर बाहेरच्या रंगाचा आणि आतल्या सजावटीचा कारखान्याचा कोड असतो. त्या कोडवरून मूळ रंगाची माहिती मिळवता येते.

मामेभाऊ खूश झाला. "मग काय, कोडचाच रंग मारा. सगळ्या सीटला. गाडी नवी दिसली पाहिजे."

विद्यार्थी लगेच काही बोलला नाही. त्याने मला बाजूला घेतलं आणि हिशेब समजावला. फक्त ड्रायव्हरची सीट कोडच्या रंगाने केली तर ती शेजारच्या सीटपुढे फिकी पडेल, जुन्या शेरवानीला नवं ठिगळ लावल्यासारखी. सगळ्या सीट केल्या तर दारांचं अस्तर जुनं राहील, मग दारं, मग छताचं कापड. एका ठिकाणी काळाच्या मागे गेलं की सगळीकडे जावं लागतं. पुढची डावी सीट आज जशी आहे त्या रंगाशी जुळवलं तर फक्त झिजलेल्या जागा भराव्या लागतील. खर्च तिसरा हिस्सा, आणि गाडी जशी आहे तशीच दिसेल, फक्त नीट राखलेली.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण मामेभावाच्या मनात आणखी काही होतं, ते दुसऱ्या दिवशी बाहेर आलं. गाडीच्या मीटरवर दोन लाखांच्या वर किलोमीटर होते. "मीटरचं मी बघून घेतो, माझा माणूस आहे," तो म्हणाला. "तुम्ही सीट अशी करा की सत्तर हजार चाललेली वाटेल."

जुनी गाडी घेणारा जाणता माणूस मीटरवर विश्वास ठेवत नाही. तो ब्रेकच्या पायटीवरचं रबर बघतो, स्टिअरिंगवरची झीज बघतो आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघतो. मीटर एक सांगत असेल आणि कड दुसरं, तर तो कडेचं ऐकतो. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला फक्त रंगवायला सांगितलेलं नव्हतं. एका साक्षीदाराची जबानी बदलून द्यायला सांगितलं होतं.

"सर, आप बोलो उनको," तो म्हणाला. मामेभाऊ त्याच्यासाठी गिऱ्हाईक, माझ्यासाठी घरचा. बोलायचं काम माझ्याकडेच येणार होतं.

मी बोललो. मामेभावाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग जे विचारलं ते बिनबुडाचं नव्हतं. "भाईजान, सीट रंगवणं हीच मुळात लपवाछपवी नाही का? तडा गेलाय, तो तुम्ही भरून, रंगवून दिसेनासा करणार. मग मीटरने काय पाप केलं? दोन्हीकडे जुनं नवं करतोय. एक हलाल आणि एक हराम, हे कुणी ठरवलं?"

या प्रश्नावर मी दोन रात्री विचार केला. धान्याच्या ढिगाची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. रसूलल्लाह बाजारातून जात असताना त्यांनी एका ढिगात हात घातला, तर आत बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसात भिजलं. त्यांनी विचारलं, मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणाऱ्याला त्यांनी आपल्यातून वेगळं काढलं. वर्गात ही हदीस सांगताना माझा सगळा भर शेवटच्या भागावर असायचा. या वेळी लक्ष मधल्या वाक्यावर गेलं. ओलं धान्य फेकून दे असं त्याला सांगितलं नाही. विकू नको असंही नाही. तो ते वाळवू शकत होता, कमी भावाने विकू शकत होता. फक्त ते वर असायला हवं होतं, घेणाऱ्याच्या नजरेसमोर.

मामेभावाला मी हेच सांगितलं. सीटची दुरुस्ती हे धान्य वाळवणं आहे. उघडं पडलेलं चामडं घाम पितं, कडक होतं, फाटतं. रंगाचा थर दिला तर ते आणखी काही वर्षं टिकतं आणि त्याचा फायदा घेणाऱ्यालाच होतो. मीटर मागे फिरवल्याने गाडीचं एक दिवसही आयुष्य वाढत नाही, शिवाय तो कायद्याने गुन्हा आहे. आणि दुरुस्ती केली हे सांगितलं की ती लपवाछपवी राहत नाही. तो म्हणाला, "सांगितलं की भाव पडतो." मी म्हणालो, पडतो. त्याला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. दवाखान्याचा हप्ता माझ्या बोलण्याने भरला जाणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

शेवटी निर्णय मुमानींनी दिला. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांनी दोन लाख किलोमीटर चालवली. ते पुसू नका."

मग खरं काम सुरू झालं, आणि शाळा सुटल्यावर मी रोज तासभर ते बघत बसायचो. खरवडलेल्या कडेला आधी अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला. तड्यांमध्ये लवचिक लांबी पातळ थरात भरली, सुकवली, पुन्हा घासली. मग रंग.

बेज हा अवघड रंग आहे. लाल किंवा निळा थोडा चुकला तर डोळा माफ करतो, बेज चुकला तर लगेच कुठे हिरवट, कुठे गुलाबी दिसतो. त्याच्याकडे सोनारांकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आहे. पांढऱ्यापासून सुरुवात. त्यात पिवळ्या मातीचा रंग, मग चिमूटभर तपकिरी. फिक्यात गडद घालत जायचं. गडदात फिका घालायला गेलं तर बादलीभर रंग होतो आणि शेड मिळत नाही. रंग जास्त उजळ वाटला तेव्हा मी म्हणालो, थोडा काळा टाक. तो हसला. पिवळ्यात काळा टाकला की हिरवट झाक येते. त्याने जांभळ्याचे दोन थेंब टाकले. पिवळ्याचा भडकपणा जांभळा खातो. चित्रकलेच्या पुस्तकात विरुद्ध रंगांचं चक्र असतं, ते मी अनेक वर्षं शाळेच्या भिंतीवर टांगलेलं बघितलं होतं. त्याचा उपयोग त्या शेडमध्ये कळला.

ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा पहिला नियम. बाइंडर ओला असताना दुधाळ दिसतो, सुकला की पारदर्शक होतो आणि रंग गडद उतरतो. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा एक ठिपका सीटच्या खालच्या बाजूला, हेअर ड्रायरने वाळवून, मग निवाडा. दुसरा नियम उजेडाचा. साडीच्या दुकानात बायका पदर हातात घेऊन दारापर्यंत येतात, मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउज पीस घेऊन रस्त्यावर जातात. त्यांना ठाऊक असतं की दुकानाच्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेली एकच छटा एका उजेडात सारखी आणि दुसऱ्यात निराळी दिसू शकते. त्यामुळे तो ट्यूबलाइटमध्ये जुळवलेला रंग सकाळी दहाच्या सुमारास सावलीत बघायचा, मग थेट उन्हात, आणि शेवटी गाडीतल्या छोट्या दिव्याखाली. तिन्हीकडे चालला तर पास. आमचा रंग उन्हात दोनदा नापास झाला, एकदा गुलाबी म्हणून, एकदा थंड म्हणून. तिसऱ्या दिवशी पास झाला.

तिसरा नियम चकाकीचा. रंग अगदी बरोबर असला तरी वरचा पारदर्शक थर चकचकीत झाला तर तो गडद वाटतो, मंद झाला तर फिकट. शेजारची सीट वीस वर्षांत मधूनमधून गुळगुळीत झाली होती. तेवढीच मंद चमक मिळवायला त्याने दोन प्रकारचे टॉप कोट मिसळले.

रंगाचे हात पातळ दिले, पहिले स्पंजने थोपटून, नंतरचे एअरब्रशने. प्रत्येक हातानंतर वाळवणं. कडेच्या मध्यावर पूर्ण थर, आणि बाहेरच्या बाजूला विरत जाणारा, म्हणजे कुठे सुरू झाला हे बोटालाही कळू नये. मेंदीच्या दोन ठशांवरही एकेक झाकणारा हात दिला. काम संपल्यावर मी ड्रायव्हरच्या बाजूने वाकून पाहिलं. सीट नवी दिसत नव्हती. पुढच्या डाव्या सीटची सख्खी बहीण दिसत होती, दोघी एकाच वयाच्या.

विद्यार्थ्याने बिलाबरोबर एक चिठ्ठी दिली. त्यात मराठीत तीन ओळी. ड्रायव्हर सीटची उजवी कड आणि आसनावरचे तडे भरून रंगवले. मागच्या सीटवर डाग झाकले. पुढची डावी सीट मूळ, फक्त साफ केली. खाली तारीख. प्रत्येक गाडीला तो अशी चिठ्ठी देतो. विकणारे ती फाडून टाकतात, हे त्याला माहीत आहे. तरी देतो.

मामेभावाने ती फाडली नाही. फुलंब्रीकडचे एक शेतकरी गाडी बघायला आले. त्यांनी नेमकी ती कड दोन बोटांनी चाचपली, काही लागलं नाही, मग मीटर पाहिलं आणि गोंधळले. एवढी चाललेली गाडी आणि एवढी चांगली सीट? मामेभावाने खिशातून चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती वाचली, घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली आणि भाव बारा हजारांनी खाली आणला. सौदा तिथेच झाला. परत येताना रिक्षात मामेभाऊ म्हणाला, "भाईजान, तुमची मास्तरकी मला बारा हजारांना पडली." तो चिडून म्हणाला की हसून, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. त्या महिन्याचा हप्ता आम्ही तिघा भावांनी मिळून भरला.

विद्यार्थी दहावीनंतर शाळेत दिसला नव्हता. आधी सीट कव्हर शिवणाऱ्याकडे राहिला, मग पुण्यात एका कारागिराकडे रंग शिकला. त्या उस्तादाने त्याला कधी वजन सांगितलं नाही, सगळं अंदाजावर. याने आपली वही केली आहे. दोनशे पानी, कडा रंगाने माखलेल्या. गाडीचं नाव आणि कृती उर्दूत उजवीकडून डावीकडे, ग्रॅमचे आकडे डावीकडून उजवीकडे, आणि प्रत्येक पानावर त्या रंगाचा वाळलेला ठिपका. माझ्याच तासाला गिरवलेलं ते अक्षर मी ओळखलं. 'रे' आणि 'दाल' तो अजून सारखेच काढतो.

मामूंच्या गाडीच्या पानावर त्याने वजनांच्या खाली दोन गोष्टी लिहिल्या आहेत. रंग कशाशी जुळवला: पुढची डावी सीट. आणि तारीख. मी विचारलं, कृती लिहिलीस, मग तारीख कशाला? तो म्हणाला, हीच गाडी पाच वर्षांनी परत आली तर ही कृती चालणार नाही. तोवर ती डावी सीटही बदललेली असेल. तेव्हा पुन्हा तिच्याकडे बघून रंग बनवावा लागेल.